बोलणं अडलं की वाजवायचं

आधी पियानो आला, साहेब मागाहून आले. ही गोष्ट आमच्या इंदूरच्या छत्रीबागेच्या गल्लीत अजून दोन तऱ्हांनी सांगतात. समोरच्या जोशीकाकू म्हणतात की साहेब पुढे चालत आले आणि टेम्पो मागून आला. ते खोटं आहे. जोशीकाकू त्या दिवशी देवासला बहिणीकडे होत्या. मी ओट्यावर गहू निवडत बसले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी टेम्पो आला, त्यातून आठ हमाल उतरले, आणि मग गोधड्यांत गुंडाळलेलं ते काळं धूड. कोणी म्हणालं तिजोरी आहे. कोणी म्हणालं नाही भिया, कपाट आहे, पण आत काहीतरी वाजून राहिलंय. आणि चांगल्या अर्ध्या तासाने एक उंच, घामाघूम गृहस्थ बगलेत गोल स्टूल धरून गल्लीत शिरले. टेम्पोत जागा उरली नव्हती म्हणून ते स्टूल घेऊन स्टेशनपासून पायी आले होते. मला नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, माफ करा, माझ्यामुळे तुमचा रस्ता अडला."

श्री. श्रीधरराव निगुडकर, ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हे पुस्तक निघत आहे, त्यांची आणि माझी पहिली ओळख ही अशी. त्यांनी आमच्या बिल्डिंगचा वरचा मजला घेतला होता. पण जिना वळणावर एवढा अरुंद, की पियानो काही वळेना. हमालांनी उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला, शेवटी एकाने भिंतीचा पोपडा काढला आणि सगळे थांबले. तेव्हा आमच्या ह्यांनी सांगितलं, दोन दिवस आमच्या बैठकीत ठेवा, मग बघू. त्या दोन दिवसांना आता पंधरा वर्षं झाली.

मला लिहायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. या पुस्तकात प्रोफेसर लिहिणार, मोठमोठे कलाकार लिहिणार, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई काय लिहू? पण पुस्तक काढणारे म्हणाले, काकू, बाकीचे सगळे साहेबांच्या रेडिओच्या कार्यक्रमात एकेकदा आले, तुम्ही प्रत्येक वेळी होता. ते मात्र खरं. रेडिओवर लोकांनी जे ऐकलं ते माझ्या बैठकीत वाजलं, आणि मी आतल्या दाराशी वेताच्या मोढ्यावर बसून सगळं ऐकलं. माझ्याइतकं ऐकलेलं दुसरं कोणी नाही. हे मी बढाई म्हणून नाही सांगत, माझं नशीब म्हणून सांगते.

साहेब रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. महूला बदली झाली तेव्हा तिथल्या रेल्वेच्या क्लबात हा पियानो होता आणि एक म्हाताऱ्या मेमसाब तो शिकवायच्या. साहेब ड्यूटी संपली की त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. क्लबात दर शनिवारी संध्याकाळी नाच व्हायचा, बाहेरून बँड यायचा. एकदा बँडचे पियानोवाले आजारी पडले, साहेबांना बसवलं, आणि मग ते उठलेच नाहीत म्हणा ना. दिवसा पार्सलं आणि शनिवारी जॅझ. पुढे क्लबाचं जुनं सामान निघालं, तेव्हा हा पियानो त्यांनी घरी आणला. लोक रिटायर होताना भिंतीचं घड्याळ आणतात.

जॅझ म्हणजे काय ते सुरुवातीला मला अजिबात कळेना. एक दिवस मी साहेबांना विचारलंच, हे तुम्ही रोज तेच गाणं वाजवता आणि रोज ते वेगळं कसं होतं? ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोहे मोजून करता का?" मी म्हटलं, मोजायचं कशाला, पोहे हाताला सांगतात. ते म्हणाले, बस, तसंच. त्या दिवसापासून मला जॅझची भीती वाटली नाही.

मग कॉलेजच्या रेडिओवाल्यांनी त्यांना कुठेतरी ऐकलं. म्हणाले, आमच्या स्टुडिओत या. साहेब म्हणाले, मी येईन पण पियानो येणार नाही, तुम्हीच या. फिर काय, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी रेडिओचे दुबेजी आपल्या पेट्या आणि तारा घेऊन माझ्या बैठकीत यायला लागले. कार्यक्रमाचं नाव 'आपस में'. बाहेरगावाहून एक वाजवणारा पाहुणा यायचा, तो आणि साहेब गप्पा मारायचे आणि दोघं मिळून वाजवायचे. पण कसं वाजवायचे, ते सांगते.

साहेबांचा नियम होता की आधी काहीच ठरवायचं नाही. कोणती चाल, कोणता सूर, काही नाही. आधी बोलायचं. प्रवास कसा झाला, आई काय करायची, पहिलं वाद्य कुठून हाती आलं. बोलता बोलता माणसाची एक जागा येते, तिथे त्याला पुढे बोलता येत नाही. तिथे घाई करायची नाही, पाणी द्यायचं नाही, विषय बदलायचा नाही. बोलणं अडलं की वाजवायचं. दोघांतल्या कोणीही सुरू करावं, दुसऱ्याने मागोमाग जावं. आणि वाजलं ते वाजलं. पुन्हा वाजवायचं नाही आणि चुकलं म्हणून थांबायचं नाही.

एकदा कोलकात्याहून एक मुलगी आली होती, सॅक्सोफोन वाजवणारी. चांगली हसत-बोलत होती. साहेबांनी विचारलं, वडिलांना तुमचं वाजवणं आवडतं? ती म्हणाली, वडिलांनी कधी ऐकलंच नाही. आणि गप्प झाली. दुबेजींनी वर पाहिलं, कारण रेडिओवर गप्प राहणं म्हणजे मोठी आफत. साहेब हललेसुद्धा नाहीत. मग त्या मुलीने वाजवायला घेतलं, आणि ते असं होतं की माझ्या मांडीवरची मेथी तशीच राहिली. आणि साहेबांनी काय केलं? एक बोट, एक सूर. थांबून पुन्हा तोच. रडणाऱ्याजवळ कोणी गुपचूप पाण्याचा पेला ठेवावा ना, तसा तो सूर त्यांनी तिच्याजवळ ठेवला. एवढा मोठा पियानो समोर, दहा बोटं हाताला, आणि एकच सूर. माणसाजवळ पुष्कळ असताना किती कमी द्यावं हे कळायला काय लागत असेल, याचा मी अजून विचार करते.

रेकॉर्डिंगच्या रविवारी आमच्या घरात कुकर लावायचा नाही, पंखा बंद, सुनेने चपला बाहेर काढून यायचं. मे महिन्यात तर जीव जायचा. माझी सून मनीषा सुरुवातीला कुरकुरायची, आता तीच दूधवाल्याला दारातून हातवारे करते.

साहेबांच्या मोठेपणाची आणखी एक गोष्ट. राजवाड्याकडे लग्नाच्या बँडमध्ये उस्मानभाई म्हणून क्लॅरिनेट वाजवायचे. साहेबांनी एका वरातीत त्यांना ऐकलं आणि घोड्याच्या मागे मागे चालत जाऊन पत्ता घेतला. रेडिओवाले म्हणाले, हे जॅझचे कलाकार नाहीत. साहेब म्हणाले, मग मीही नाही, मी पार्सल क्लार्क आहे. उस्मानभाई लाल कोट घालूनच आले आणि विचारायला लागले, साहब, गाना कौनसा? साहेब म्हणाले, गाणं नको, ते सांगा, वरात अडते तेव्हा तुम्ही काय करता? आणि उस्मानभाई सांगायला लागले की एकदा घोडा जागचा हलेना, नवरदेव रडकुंडीला आला, आणि ते एकच ओळ तासभर वाजवत उभे राहिले. पुढे ती ओळ अशी वाजली की आम्ही सगळे आधी हसत होतो आणि मग हसणं कधी संपलं कळलं नाही. जाताना उस्मानभाईंना साहेबांनी गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं. प्रत्येक पाहुण्याला ते पोचवतात, आणि आठवड्यात त्याला एक पोस्टकार्ड जातं. अजूनही पोस्टकार्डच.

आमच्या ह्यांना हे संगीत आवडत नव्हतं. मिलमध्ये जन्म गेला, म्हणायचे, मशीनचा आवाज ऐकून आलो की घरी पुन्हा मशीन. पण शेवटच्या आजारात ते आतल्या खोलीत पडून असायचे, तेव्हा साहेबांनी आपणहून वाजवणं बंद केलं. चार दिवसांनी हेच मला म्हणाले, तो बंद का पडलाय? त्याला म्हणावं वाजव, दार उघडं ठेव. मग साहेब रोज दुपारी येऊन नुसत्या डाव्या हाताने वाजवायचे, हळू, दार उघडं ठेवून. महिना दीड महिना. त्यांच्या वाजवण्यावर यांना झोप लागायची. मंगलाताई, साहेबांच्या पत्नी, तेव्हा होत्या. त्या माझ्याजवळ बसायच्या. नंतर त्याही गेल्या. मुलगा पुण्याला. वर साहेब एकटे आणि खाली त्यांचा पियानो.

आता जे सांगायचं आहे ते मी साहेबांना विचारून सांगते आहे. ते म्हणाले, वहिनी, रेडिओवर सगळ्यांनी ऐकलंच आहे, तुम्ही खुशाल लिहा.

गेल्या आषाढापासून मला काहीतरी वेगळं वाटत होतं. साहेब वाजवत असताना मी नेहमी डाव्या बाजूने चहा नेते, कारण तिकडेच दार आहे. "साहेब, चहा" म्हटलं की मान न वळवता "हो वहिनी" म्हणायची त्यांची पद्धत. ते बंद झालं. मी कप ठेवून जायची आणि चहाला साय धरायची. दुबेजी एकदा म्हणाले, साहेब हल्ली हेडफोनचा आवाज एकदम फुल करून घेतात. मी एक दिवस वाटी पाडून पाहिली. मुद्दाम, त्यांच्या डाव्या अंगाला, स्टीलची. आतून मनीषा धावत आली. साहेब वाजवत राहिले.

मी त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले आणि विचारलं. ते बराच वेळ पट्ट्यांवरून फडकं फिरवत राहिले. मग म्हणाले की डावा कान गेला, उजवा कमी होत चाललाय, किती दिवस टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. कानाला मशीन लावून पाहिलं, तर पियानो टिनाच्या डब्यासारखा वाजतो. एकट्याने वाजवणं जमेल, हातांना पाठ आहे. पण दोघांचं वाजवणं हे निम्मं ऐकणं असतं. ऐकू न येता पाहुण्यासमोर बसणं म्हणजे त्याला फसवणं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की दिवाळीनंतर त्यांचे जुने मित्र लॉरेन्सो येणार आहेत, ते शेवटचं. कार्यक्रमाच्या शेवटी सांगून टाकायचं की आता बंद. त्यासाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. आणि माझ्याकडून वचन घेतलं की तोवर कोणाला बोलायचं नाही.

मी वचन दिलं आणि दिवाळीपर्यंतचे दिवस मोजत राहिले. बारा वर्षं माझ्या घरात जे घडत होतं ते असं एका कागदावर संपणार. आणि साहेबांचं काय? ज्या माणसाचं सगळं बोलणं दुसऱ्याबरोबर वाजवण्यात आहे, त्याने वर एकट्याने बसून काय करायचं?

लॉरेन्सो म्हणजे साहेबांचे सगळ्यात जुने मित्र. मुंबईचे, गिटार वाजवतात. महूच्या त्या क्लबात बँडबरोबर यायचे, तेव्हापासूनची ओळख. साहेबांना ते 'पार्सल' म्हणतात. या खेपेला बायकोला घेऊन आले, सेलिनबाईंना. दारातूनच ओरडले, "काय पार्सल, अजून पडूनच आहेस? कोणी सोडवून नेलं नाही?" साहेब म्हणाले, पत्ता चुकीचा लिहिलाय, परत पाठवणार आहेत. दोघं असे हसले की जोशीकाकू खिडकीत आल्या.

मी त्या सकाळी एक चलाखी केली होती. पाहुण्याची खुर्ची नेहमी पियानोच्या डावीकडे असते. मी ती उजवीकडे नेऊन ठेवली, चांगल्या कानाकडे. साहेबांनी पाहिलं, उचलली आणि परत डावीकडे आणून ठेवली. उजवीकडे कपाट आहे, पाहुण्याचं तोंड कपाटाकडे होतं. मला हळूच म्हणाले, पाहुण्याला का कोपऱ्यात बसवायचं वहिनी, ती त्यांची जागा आहे. शेवटचा दिवस, कान नाही, आणि माणूस पाहुण्याच्या खुर्चीचा विचार करतो.

आत स्वयंपाकघरात सेलिनबाई माझ्याबरोबर गराडूचे कंद सोलत बसल्या. गराडू त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, म्हणाल्या, हे तर सुरणाचे भाऊ दिसतात. मग बोलता बोलता म्हणाल्या की लॉरीची बोटं आता थंडीत आखडतात, पूर्वीसारखी जोरात चालत नाहीत, फार हळू वाजवतो, जवळ बसलं तरच ऐकू येतं. माझ्या हातातली सुरी थांबली. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, हाताला खाज येते आहे, गराडूची. वचन म्हणजे वचन.

दुबेजींनी बोटाने खूण केली आणि कार्यक्रम सुरू झाला. मी मोढ्यावर, सेलिनबाई माझ्या शेजारी पाटावर. बोलणं छान चाललं होतं. साहेब लॉरेन्सोंच्या ओठांकडे पाहून उत्तरं देत होते, ते मला कळत होतं, लॉरेन्सोंना कळलं नव्हतं. महूच्या क्लबाची गोष्ट निघाली. एका शनिवारी शहरात काहीतरी गडबड झाली, लोक आलेच नाहीत, बँडचे बाकीचे निघून गेले. रिकाम्या हॉलमध्ये हे दोघंच वाजवत बसले. लॉरेन्सो म्हणाले, "रिकामा कसला, एक बाई बसली होती कोपऱ्यात. हिरवी साडी. मंगला." आणि साहेब गप्प झाले. लॉरेन्सोही.

बोलणं अडलं होतं. लॉरेन्सोंनी गिटार सुरू केली, सेलिनबाई म्हणाल्या तशीच, अगदी हळू. आणि साहेबांनी पियानोवर हात ठेवला, आणि मला चटका बसावा तसं झालं. मला सूर कळत नाहीत, पण एवढं कळतं की दोन माणसं एका जिन्यावर वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. साहेबांना तो सूर ऐकूच गेला नव्हता.

लॉरेन्सोंना वाटलं, पार्सलला वेगळ्या सुरात जायचंय, जाऊ या. ते आपला सूर सोडून साहेबांच्या सुरात गेले. पण तोवर साहेबांनी त्यांचा हात गिटारीवर कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते आपला सूर सोडून लॉरेन्सोंच्या सुरात गेले. दोघं पुन्हा चुकले. पुन्हा बदलले. सराफ्याच्या गर्दीत समोरून येणाऱ्याला वाट द्यावी आणि त्यानेही त्याच बाजूला सरकावं, तसं. तीनदा असं झालं. मी इतक्या पाहुण्यांना ऐकलं आहे, चुकताना पुष्कळ ऐकलं आहे, पण दोघांनी एकमेकांसाठी आपलं सोडून दिल्यामुळे चुकताना फक्त तेव्हाच ऐकलं.

लॉरेन्सो थांबले. या कार्यक्रमात कधी कोणी थांबलं नव्हतं. दुबेजींचा हात मशीनकडे गेला, साहेबांनी मान हलवली, चालू राहू दे.

"पार्सल," लॉरेन्सो म्हणाले, "मी ऐकू येत नाहीये का तुला?"

साहेब त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाले, "या बाजूने नाही."

"कधीपासून?"

"आषाढापासून."

"मग मला इथे का बसवलंस?"

"ती पाहुण्याची जागा आहे."

सेलिनबाईंनी माझा हात धरला. तेव्हा त्यांना कळलं की गराडूची खाज कसली होती. बाहेर कोणाची तरी स्कूटर गेली, ती पण रेकॉर्डिंगमध्ये आहे. लॉरेन्सो उठले. मला वाटलं आता ते खुर्ची उजवीकडे नेतील. त्यांनी ती उचलली नाही, ओढली, फरशीवरून खरखर करत, थेट पियानोला चिकटवली. बसले, आणि गिटारीचं वरचं टोक, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, ते पियानोच्या लाकडावर टेकवलं. नुसतं टेकवलं, एखाद्याच्या खांद्यावर डोकं टेकवावं तसं. आणि एक तार छेडली.

तो आवाज माझ्यापर्यंत वेगळाच आला. गिटारीतून नाही, पियानोच्या पोटातून आला. साहेबांनी गुडघा पियानोच्या फळीला लावला. मग वाकले, आणि जबडा वरच्या लाकडाला टेकवला. लॉरेन्सोंनी पुन्हा तीच तार छेडली.

"येतंय," साहेब म्हणाले.

पुढे जे वाजलं ते मला लिहिता येणार नाही, आणि शिकलेल्यांनाही येईल असं मला वाटत नाही. एका अंगाने वाकून, गाल लाकडाला लावून पंचाहत्तरीचा माणूस वाजवत होता, आणि दुसरा, बोटं आखडलेला, पियानोला टेकून त्याला हाडातून सूर देत होता. जोर कोणाचाच नव्हता. मला वाटलं, मंगलाताई त्या हिरव्या साडीत माझ्या मोढ्याच्या मागे उभ्या आहेत, आणि मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर नसत्या. देवळात गाभाऱ्यासमोर जसं होतं तसं मला माझ्याच बैठकीत झालं. दुबेजी, जे बारा वर्षं नुसता मशीनवरचा आवाजाचा काटा बघत बसतात, त्यांनी हेडफोन काढून गळ्यात घेतला आणि तसंच ऐकत बसले.

वाजवणं संपलं. आता साहेबांनी खिशातून कागद काढायचा होता. मला दिसत होता, सदऱ्याच्या खिशातून टोक वर आलं होतं. दुबेजींनी खूण केली. साहेबांनी खिशावर हात ठेवला, लॉरेन्सोंकडे पाहिलं. लॉरेन्सो गिटारीच्या टोकाला पडलेला चरा अंगठ्याने पुसत होते. पियानोलाही एक पडला होता. साहेब म्हणाले, "आज इतकंच." आणि हात खाली आला.

दुबेजींनी विचारलं, बीच का हिस्सा काट दूँ क्या साहब, जिथे थांबला होतात ते? साहेब म्हणाले, काहीच काढायचं नाही. वाजलं ते वाजलं. तसंच लागलं रेडिओवर, खुर्चीच्या खरखरीसकट. दुसऱ्या दिवशी उस्मानभाई दारात हजर. त्यांनी क्लॅरिनेटचं टोक पियानोला लावून पाहिलं, फारसं जमलं नाही, पण ते म्हणाले, मी समोर बसून फुंकतो, हवा तरी लागेल. साहेब इतके हसले. आता त्यांनी ते कानाचं मशीनही घेतलंय. बोलताना लावतात, वाजवताना काढून पियानोवर ठेवतात. मला हळू बोलायची सवय नव्हतीच, त्यामुळे आमचं काही अडत नाही.

असे हे साहेब. मला त्यांनी काय दिलं ते मी कसं सांगू? आमच्या घरी रेडिओ पूर्वीपण होता, पण तो बोलायचा आणि आम्ही कामं करायचो. ऐकायला बसायचं असतं, हातातलं बाजूला ठेवून, हे मला या वयात साहेबांनी शिकवलं, एकदाही शिकवतो असं न म्हणता. माझी नात आता नोकरीवरून फोन करते तेव्हा तिचं बोलणं मध्येच अडलं तर मी पूर्वीसारखी भडाभडा बोलत नाही. थांबते. मग ती सांगते.

परवा मी खजरान्याला जाऊन आले. गणपतीला सांगितलं, साहेबांचे दोन्ही कान परत दे. मग मलाच वाटलं हे जास्त झालं, या वयात देवाला किती कामाला लावायचं. म्हणून म्हटलं, एक दे, उजवा, आणि तो शेवटपर्यंत टिकव. गुडघे, पाठ आणि दहा बोटं धड ठेव. त्यांची शंभरी व्हावी, आणि ती माझ्या बैठकीतच व्हावी. मी असेन नसेन, मनीषाला सांगून ठेवलंय की पियानो हलवायचा नाही.

लॉरेन्सो आणि सेलिनबाई निघताना मी त्यांना चिवडा बांधून दिला. लॉरेन्सो म्हणाले, परत येतो, रंगपंचमीला येतो, तुमची गेर, ती रंगांची मिरवणूक, बघायची राहिली आहे. मी सांगितलं, खबरदार, इंदूरची गेर आहे ती, गिटारीत रंग गेला तर चार महिने निघणार नाही. साहेब म्हणाले, वहिनींचं ऐक. बरीच चर्चा झाली, मनीषाने कॅलेंडर काढलं. शेवटी ठरलं रंगपंचमीनंतरचा पहिला रविवार, सकाळी दहा वाजता.